डेऱ्यातलं लोणी, डेऱ्यातले शब्द

आयरिश भाषेत लोणी काढण्याच्या लाकडी पिंपाला ‘किन्योग’ म्हणतात. हा शब्द कळला आणि मला आपला डेरा आठवला. काम एकच, घडण वेगळी. तिकडे उंच पिंपात साय ओतून दांडा वरखाली करायचा. आपल्याकडे मातीच्या पोटफुगीर डेऱ्यात विरजलेलं दही घालायचं, रवी घुसळखांबाला अडकवायची आणि दोराची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची.

डेरा मातीचाच का? दह्यातले स्निग्ध कण एकमेकांवर आपटून त्यांचा गोळा व्हावा लागतो. उष्म्यानं ते पातळ झाले तर लोणी धरत नाही. मातीतून पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि आतलं दही गार राहतं. लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात म्हणूनच घुसळण पहाटे उरकायची. थंडीत मात्र थोडं कोमट पाणी घालावं लागे.

देवणी आणि लाल कंधारी या आपल्याच भागातल्या गायी. आता गावोगावचं दूध संकलन केंद्रावर जातं, फॅट मोजून दर ठरतो आणि घरी ताकाची पिशवी येते. डेऱ्यामागोमाग घुसळखांब, शिंकं, कासंडी हे शब्दही अडगळीत गेले.

‘ताकाला जाऊन भांडं लपवणं’ ही म्हण तेवढी टिकली. पण ताक शेजारी मागायला जात, हे ठाऊक नसलेल्या मुलाला त्यातला संकोच कसा कळणार? डेरा परत येणार नाही. घरातल्या आजीला मात्र एवढं विचारून ठेवा: तुमच्याकडे याला काय म्हणत?