राखणदार दोन, जबाबदार कोण?

गणेशमूर्तींसाठी ख्यातकीर्त असलेल्या पेणला २०१० साली निराळीच प्रसिद्धी लाभली. पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांची पुंजी अडकून पडली. बनावट कर्जखात्यांद्वारे शेकडो कोटी रुपये वळविल्याचा आरोप पुढे आला.

अशा वेळी 'आधी चौकशी करावयाची', असा उपदेश ठेवीदारालाच केला जातो. पण निवृत्त शिक्षकाने बनावट खाती हुडकावयाची कशी? वह्या पाहण्याचा अधिकार संचालकांचा, लेखापरीक्षकांचा, निबंधकांचा आणि रिझर्व्ह बँकेचा. बँक म्हणून पाटी लावण्याचा परवानाही तिचाच. लोक विश्वास ठेवतात तो या परवान्यावर.

शेजारच्या रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्या कारकीर्दीत, १९४९ साली, बँकिंग कायदा झाला. सहकारी बँका १९६६ साली त्याच्या कक्षेत आल्या, परंतु निबंधकांचा अंमलही कायम राहिला. राखणदार दोन झाले आणि दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखविण्याची सोय झाली.

२०२० साली रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. सुधारणा स्वागतार्ह खरी. पण विमा म्हणजे न्याय नव्हे. त्याचा हप्ता प्रामाणिक बँकाही भरतात. पैसे वळविणाऱ्यांच्या मालमत्ता विकून ठेवी फेडणे आणि डोळेझाक करणाऱ्या परीक्षकाला व अधिकाऱ्याला जाब विचारणे, हे कर्तव्य त्याने संपत नाही. ज्याच्या हाती वही, त्याच्याच शिरी जबाबदारी असावयास हवी.