खुर्ची उलटी करून पाहावी

जुनं फर्निचर बघायला मटण स्ट्रीटवर जायचं तर शुक्रवार टाळावा. त्या दिवशी चोर बाजारातली पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार पसरतो. एरवी गिरगावकराने खेतवाडी, नळ बाजार असं चालत जावं. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांचे दिवे, सिनेमाची पोस्टरं आणि त्या गर्दीत एकावर एक रचलेल्या खुर्च्या. गोल बैठक, पाठीला दोन कमानी, मोठीच्या पोटात धाकटी. मुंबईकर हिला ‘इराण्याची खुर्ची’ म्हणतो.

इराण्याने ती बनवली नाही, बनवली मायकेल थोनेट या जर्मन सुताराने, व्हिएन्नात. साल १८५९, कारखान्याच्या यादीत नंबर १४. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. एक घनमीटरच्या खोक्यात सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या मावत. बोटीतून खोकं उतरलं की कुणीही पेचकस घेऊन त्या जोडाव्यात. आज घरपोच येणारं ‘स्वतः जोडा’ फर्निचर ज्यांना नवलाचं वाटतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

खरी करामत वाकवण्यात आहे. बीच जातीच्या लाकडाचा दांडा वाफेत शिजवून मऊ करतात. पण तसाच वाकवला तर बाहेरच्या अंगाला ताण बसून तो फाटतो. थोनेटने त्या अंगाला पोलादी पट्टी घट्ट आवळली. पट्टी लांबत नाही, त्यामुळे लाकूड ताणलं जाण्याऐवजी आतल्या अंगाला दाबलं जातं, आणि दाब ते मुकाट सोसतं. पाठीची मोठी कमान आणि मागचे दोन्ही पाय मिळून एकच अखंड दांडा असतो तो त्यामुळे. सांधा नाही, म्हणून सांधा निखळण्याचा प्रश्नही नाही.

या खुर्चीचं माहेर विचारलं तर एक दुकानदार ऑस्ट्रिया सांगतो, दुसरा चेकोस्लोव्हाकिया, तिसरा पोलंड. तिघंही खोटं बोलत नसतात. बीचची जंगलं जवळ म्हणून थोनेटने कारखाने मोराव्हियात काढले, पुढे त्याच्या कंपनीने आजच्या पोलंडमधल्या रादोम्स्कोलाही. १८६९मध्ये थोनेटच्या पेटंटची मुदत संपली, तसे इतर कारखानदारही त्यात उतरले. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दी हलल्या. कारखाने जागच्या जागी राहिले, देश बदलले.

धोबीतलावचं कयानी १९०४चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४चं, माटुंग्याचं कूलर १९३२चं. असल्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती हीच खुर्ची शोभली, आणि माझ्या मते शोभेपेक्षा सोयीसाठी टिकली. हलकी आहे, पोऱ्या एका हाताने उचलून खालची फरशी पुसतो. एक भाग मोडला तर तेवढाच बदलता येतो. पाव-मस्का संपेस्तोवर बसायला ठीक, लोळायला मुळीच नाही. गल्ल्यावरच्या मालकाला आणखी काय हवं?

आता तीच शौकाची झाली आहे. लंडनमध्ये २०१०मध्ये ‘दिशूम’ निघालं, ते मुंबईच्या इराण्याचंच रूप घेऊन. इकडे लोअर परळला रघुवंशी मिलच्या आवारात घरसजावटीची दुकानं आली. ज्या गिरणगावात पाळी सुटल्यावर कामगार इराण्याकडे चहा प्यायचा, तिथे गिरणीच्याच आवारात जुन्या धाटणीचं सामान विकायला बसलं आहे. यावर रडण्यात मला रस नाही. मीही गिऱ्हाईकच आहे.

आणि फसलेलं गिऱ्हाईक. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून (नाव नको) मी ‘अस्सल पोलंडची’ म्हणून जोडी आणली. महिनाभरात एकीची कमान मधोमध उकलली. पाहतो तर करवतीने कापलेले तीन तुकडे डिंकाने जोडून वर गडद पॉलिश फासलेलं. तेव्हापासून मी खुर्ची आधी उलटी करतो. बैठकीच्या कडेच्या आतल्या अंगाला कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठीचा अवशेष दिसतो का? पाठीची कमान बोटाने चाचपत जावी, लाकडाच्या रेषा वळणाबरोबर वळल्या पाहिजेत. मध्येच तुटल्या तर तो तुकडा कापलेला. स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच असावी, फुली दिसली तर निदान तो स्क्रू नवा आहे. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर मात्र अस्सल असली तरी सोडून द्यावी. बीचला कीड लवकर लागते.

बैठक दोन प्रकारची: भोकं पाडलेल्या किंवा नक्षी दाबलेल्या प्लायची, नाहीतर वेताने विणलेली. वेताची असेल तर विणकर शोधावा लागतो. आपल्याकडच्या अंधशाळांतून हे काम शिकवत आले आहेत, कारण ते बोटांनी वाचता येतं. उभे धागे, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, मग आडवे गुंफून घ्यायचे, शेवटी दोन्ही तिरपे. प्रत्येक भोक अष्टकोनी उमटतं. प्लॅस्टिकच्या पट्टीने विणलेली स्वस्त पडते, पण तिच्यात पुढची युक्ती चालत नाही.

वेताची बैठक बसून बसून झोळीसारखी लोंबते. लगेच नवी विणायला टाकू नये. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओलं फडकं ठेवावं, वेत चांगला भिजू द्यावा आणि रात्रभर तिच्यावर कुणाला बसू देऊ नये. वाळता वाळता वेत आपोआप आवळत येतो. सकाळी बोटाने टिचकी मारून बघावी.