दहा हजार पानांचा ताळेबंद

बँकेत लागलो तेव्हा पहिली काही वर्षे लेजर जुळवण्यात गेली. एकदा २७ पैशांचा फरक आठ दिवस सापडेना. शेवटी साहेब म्हणाले, "टाका सस्पेन्सला आणि चला घरी." फरक सस्पेन्स खात्यात गेला, पण माझी झोप गेली ती गेलीच.

गणितातल्या एका अजस्र सिद्धतेची हकीकत वाचताना ते पैसे आठवले.

घरात काळ्या पंचकोनांचा जुन्या पद्धतीचा फुटबॉल असेल तर हातात घ्या. पंचकोन १२. त्यांतला कोणताही वर आणा. मग चेंडू पाच तऱ्हांनी फिरवून ठेवता येतो आणि दर वेळी दिसतो तसाच. बारा पंचे साठ हालचाली झाल्या. (जागचा न हलवणे, हीही त्यातलीच एक!) दोन हालचाली एकापाठोपाठ केल्या तर त्या साठांतलीच एखादी होते आणि केलेली प्रत्येक हालचाल उलटवता येते. अशा कुटुंबाला गणितात 'ग्रुप' म्हणतात.

बाराचे दोन, दोन, तीन असे अवयव पडतात, तसे पुष्कळ ग्रुपांचेही पडतात. फुटबॉलच्या ग्रुपचे मात्र पडत नाहीत. साठ हा आकडा एवढा फुटणारा, पण ग्रुप अभेद्य! अशांना गणितज्ञ 'साधे' म्हणतात. यात कुणीतरी थट्टा केली असावी, अशी मला शंका आहे.

मर्यादित हालचालींचे असे साधे ग्रुप किती? उत्तर आले ते असे: १८ अनंत घराणी आणि कुठल्याच घराण्यात न बसणारे २६ भटके. त्यांतला सर्वांत मोठा 'मॉन्स्टर'. त्याच्या हालचालींची संख्या ५४ आकडी आहे. रॉबर्ट ग्राइस यांनी १९८० साली तो संगणकाशिवाय, हाताने उभा केला.

पण यादीबाहेर एकही उरला नाही, हे कशावरून? त्यासाठी शंभरएक गणितज्ञ राबले, शेकडो निबंध लिहिले गेले, पाने दहा हजारांवर गेली. फाइट आणि थॉम्प्सन यांचा १९६३ सालचा एकच निबंध २५५ पानांचा होता. १९८३ च्या सुमारास डॅनियल गोरेन्स्टाइन यांनी काम पुरे झाल्याचे जाहीर केले.

आणि इथेच सस्पेन्सची नोंद होती. 'क्वासिथिन' नावाच्या एका प्रकारावरचे जेफ्री मेसन यांचे सुमारे ८०० पानांचे हस्तलिखित अपुरेच राहिले होते, छापलेही गेले नव्हते. ही फट अॅशबाखर आणि स्टीफन स्मिथ यांनी बुजवली ती २००४ साली, दोन खंडांत, बाराशेवर पाने खर्चून. मधल्या वीस वर्षांत जगाने प्रमेय सिद्ध झाले असेच धरले होते. आमचे ऑडिटर असते तर?

आता विखुरलेली सिद्धता एका जागी नीट मांडण्याचे काम चालू आहे. गोरेन्स्टाइन १९९२ मध्ये गेले; पहिला खंड आला १९९४ मध्ये. त्यांचे सहकारी लायन्स आणि सॉलोमन यांनी काम सोडले नाही. २०२३ मध्ये दहावा खंड निघाला, तरी शेवट आला नव्हता. तरुणपणी यात उतरलेले लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणते पान कशाच्या आधारावर उभे आहे, हे पुरते त्यांनाच ठाऊक. ते लिहून ठेवायची घाई आहे ती यासाठी.

आमचे २७ पैसे सहा महिन्यांनी सापडले. बदली होऊन गेलेल्या एका कारकुनाच्या खणात, दुसऱ्याच व्हाउचरच्या पाठीला चिकटलेले.