कडाकरप्याची चतुःसीमा

दिवाळे हे कोळ्यांचे गाव. त्याची नजर पिढ्यान्‌पिढ्या खाडीच्या भरती-ओहोटीकडे लागलेली, आणि मासळीच्या कालवणाबरोबर ताटात पडणारा भात पिकविण्याचे काम आसपासच्या आगरी वस्त्यांनी बांध घालून राखलेल्या खारजमिनींकडे सोपविलेले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहराच्या कामी लागल्या, तेव्हा या पट्टीतील खाचरांचे नकाशे, पंचनामे आणि मोबदल्याचे हिशेब दफ्तरदाखल झाले व पीक बहुतांशी हद्दपार झाले. परंतु खाडीपलीकडचा पनवेल तालुका ज्या कुलाबा जिल्ह्यात तेव्हा मोडत असे, त्या जिल्ह्याचे नाव भातरोगांच्या इतिहासात कायमचे राहिले आहे; कारण कडाकरपा हा जिवाणूजन्य रोग भारतात प्रथम दृष्टीस पडला तो १९५१ मध्ये तेथेच, आणि १९५९ मध्ये श्रीनिवासन, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधील तिरुमलाचार व पटेल या त्रयीने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. जपानी शेतकऱ्यांना तो १८८४ पासून परिचित होता.

या रोगाची चाल कपटी आहे. पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून किंवा वाऱ्या-पावसाने झालेल्या ओरखड्यांतून जिवाणू आत शिरतो; शेंड्याकडून कडेकडेने नागमोडी पिवळी रेषा खाली उतरू लागते, पुढे ती वाळक्या पेंढ्याच्या रंगाची होते, आणि सकाळच्या दमट वेळी पानावर दुधाळ-पिवळसर स्रावाचे थेंब साचलेले दिसतात. शंका असल्यास रोगट पानाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात सोडावा. कापलेल्या टोकातून धुरकट तंतू निथळू लागले की निदान झाले. औषधफवारणीचा उपयोग बेताचाच होतो. म्हणून खरी मदार बियाण्याच्या अंगच्या प्रतिकारशक्तीवर.

तो प्रतिकार कोठून यावा? कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत देवदत्त यांना आफ्रिकेतील माली देशाच्या एका रानटी भातात, ओरायझा लॉन्जिस्टॅमिनाटात, तो आढळला. फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी संकरामागून संकर करून तो गुण लागवडीच्या भातात आणला, आणि अकराव्या गुणसूत्रावरील त्या जनुकास एक्सए-२१ हे नाव मिळाले. १९९५ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने तो वेगळाही काढला. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून टाकील, त्याच्या पोटी हे धन निघावे, यात मला शास्त्राच्या चातुर्यापेक्षा निसर्गाच्या औदार्याचाच भाग अधिक दिसतो.

हा जनुक रोपात उतरला की नाही, हे सांगणाऱ्या मार्करची गोष्ट आता. जुन्या खरेदीखतात जमिनीची ओळख तिच्या चतुःसीमेने पटवीत: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा. तसेच जनुकाच्या शेजारी डीएनएचा असा एखादा तुकडा असतो, की ज्याची लांबी प्रतिकारक व रोगग्राही वाणांत वेगवेगळी भरते. एक्सए-२१ च्या शेजारचा पीटीए-२४८ हा मार्कर पीसीआर तंत्राने त्याच्या असंख्य प्रती काढून अगारोजच्या जेलीत धाववला, म्हणजे प्रतिकारक रोपात सुमारे एक हजार आणि रोगग्राही रोपात सातशेच्या आसपास बेसजोड्यांचा पट्टा उमटतो. कोवळ्या रोपाचे बोटभर पान एवढ्यासाठी पुरे. एक्सए-२१ चे सामर्थ्य रोप प्रौढ झाल्यावरच पूर्णपणे प्रकटते, हे ध्यानी घेतले म्हणजे या आगाऊ दाखल्याची किंमत कळते.

मार्करचे खरे महत्त्व मात्र याहून निराळ्या ठिकाणी आहे. एकाच जनुकावर विसंबले की जिवाणूचे नवे प्रकार त्याला चकवा देतात. एक्सए-४ या दुसऱ्या एका जनुकाबाबत तसेच घडले. म्हणून एका रोपात अनेक जनुके एकवटावीत, तर एकाने रोग थोपवला की दुसरा हजर आहे की गैरहजर, हे डोळ्याला कळत नाही. शिवाय एक्सए-५ व एक्सए-१३ हे सुप्त जनुक. दोन्ही प्रती असल्यावाचून ते प्रकट होत नाहीत; मार्कर मात्र त्यांची हजेरी सांगतो. एक्सए-१३ चे वर्तन तर विलक्षण: जिवाणू भाताचा साखरवाहक जनुक स्वतःच्या सोयीसाठी चालू करतो, आणि एक्सए-१३ मध्ये त्या जनुकाची कळच बदललेली असल्याने जिवाणूचा हुकूम चालत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्र) आणि भात संशोधन संचालनालयाने मार्करच्या साहाय्याने एक्सए-२१, एक्सए-५ व एक्सए-१३ हे तिन्ही जनुक सांबा मसुरी या भातवाणात उतरवले; २००८ मध्ये सुधारित वाण प्रसारित झाला, आणि मूळच्या बारीक दाण्याचा लौकिक राखला गेला.

शत्रूची नोंदवही ठेवण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर व विद्या गुप्ता यांच्या गटाने हाती घेतले. भारतातील निरनिराळ्या भागांतील जिवाणूंचे डीएनए-ठसे घेऊन त्यांचे नाते तपासले. मला हे काम वाणनिर्मितीइतकेच मोलाचे वाटते, कारण कोणते जनुक कोठे पेरायचे याचा निर्णय त्याविना अंधारातला.

मार्कर हा शेजारी आहे, मालक नव्हे. संकरात गुणसूत्रांची अदलाबदल झाली, तर क्वचित दोघांची फारकत होते आणि जेलीवरचा पट्टा खोटी साक्ष देतो. म्हणून निवडलेली रोपे अखेर खाचरात जातात. तेथे जिवाणूंच्या द्रावात बुडवलेल्या कात्रीने पानांचे शेंडे कापतात, आणि सुमारे पंधरवड्याने वाळलेल्या पट्टीची लांबी फूटपट्टीने मोजून मगच निकाल नोंदवतात.