चिखलातली गाडी आणि वीस लिटर पाणी

मंडळी, साखऱ्यात चिखलात घालायची गाडी म्हणजे ट्रॅक्टर, फार तर जुनी जीप. आपली जमीन काळी, भारी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि लोखंडाला अशी चिकटते की नुसती बादली ओतून काही होत नाही. वाळली की मात्र आक्रसते, भेगाळते. म्हणून आम्ही आधी खुरप्याने ढेकळं काढायला सांगतो. अर्धं काम तिथंच होतं, बिनपाण्याचं.

पण धुवायचंच कशाला, उद्या परत चिखलच आहे, असं कुणी म्हणेल. तर तुरीची मर, हळदीची कंदकूज हे रोग मातीतूनही पसरतात. टायरच्या खाचेतली माती या वावरातून त्या वावरात गेली की रोगही जाऊ शकतो, गाजरगवताचं बीही. तेव्हा गाडी धुवायची ती रोगट वावरातून बाहेर पडण्याआधी, त्याच वावराच्या धुऱ्यावर. आणि धुऱ्यावर ना नळ, ना वीज. पाणी गाडीनेच न्यायचं.

परदेशात हौशी जीपवाले टपावर प्लॅस्टिकचा पाइप आडवा बांधतात, दोन्ही टोकं बंद करून त्यात पाणी भरतात, एका टोकाला तोटी. दिसायला झकास. आता हिशोब बघू. आतून १० सेंटिमीटर व्यासाचा, दीड मीटर लांब पाइप म्हणजे जेमतेम १२ लिटर. आणि दाब? १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे २ मीटरच्या टपावरून ०.२ बार. जीपच्या टायरमध्ये याच्या दहापट हवा असते! एवढ्या दाबात हातपाय धुतले जातील, काळी माती निघायची नाही.

मग लोक त्याच पाइपात पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरतात. हे करू नका, अजिबात. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. पीव्हीसी फुटला की त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात, समोर कुणाचे डोळे आहेत ते बघत नाहीत. सांडपाण्याचा पाइप तर दाबासाठी बनवलेलाच नसतो. शेतीच्या पाइपवर जो दाब छापलेला असतो तोही २७ अंश तापमानाला धरलेला. मे महिन्यात आपल्या टपावर पाइप त्याहून कितीतरी तापतो आणि मऊ पडतो.

त्यापेक्षा पाणी साध्या कॅनमध्ये, बिनदाबाचं ठेवा आणि दाब पंपाने द्या. पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात १२ व्होल्टची छोटी मोटर असते ना, तीच जात. मिनिटाला तीन-चार लिटर पाणी देते, तोटी बंद केली की आपोआप थांबते. ट्रॅक्टरची बॅटरीही १२ व्होल्टचीच. वायर बॅटरीपासून निघते तिथंच, अगदी जवळ, फ्यूज टाका. वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागते. पंपाआधी जाळी हवीच, नाहीतर वाळूचा कण आतल्या पडद्याचं वाटोळं करतो. पुढं रबरी नळी आणि दाबायची गन. २० लिटर पाणी सलग सोडलं तर पाच-सहा मिनिटांत संपतं, म्हणून आधी थोडं शिंपडायचं, दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग धार.

मोटर शक्यतो नवी घ्या. घरात पडलेला जुना फवारणी पंप वापरायचा मोह होतो, आम्हाला तो कळतो. पण त्यातून कधीकाळी २,४-डी फवारलं असेल तर उरलेला अंशसुद्धा कपाशीला बाधतो. आणि शेतात तहान लागली की माणूस हातातल्या नळीला तोंड लावतोच. लहान पोरं तर हमखास.

धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे वाहू देऊ नका, त्यात ऑइल असतं. धार बेअरिंगच्या सीलवर, वायरिंगवर रोखून मारू नका. रेडिएटरात सोयाबीनचा भुसा अडकलेला असतो, तो इंजिन गार झाल्यावर, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने काढा.