बँडचा डेमो रेकॉर्ड करताय? गिटारचा अ‍ॅम्प आणि स्पीकर असा निवडा



मुलांचा बँड जमला, दोन-तीन गाणी बसली की डेमो रेकॉर्ड करायची घाई सुरू होते. मग घरात मागणी येते, "शंभर वॉटचा अ‍ॅम्प घ्यायचाय!" पैसे मोजण्याआधी जरा थांबा. स्टेजची गरज वेगळी आणि रेकॉर्डिंगची वेगळी.

१) वॉटचा हिशोब
वॉट दहापट झाले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. म्हणजे स्पीकर तोच असेल, तर ५० वॉटचा अ‍ॅम्प ५ वॉटच्या अ‍ॅम्पच्या फार तर दुप्पट मोठा वाजेल. रेकॉर्डिंगमध्ये माईक स्पीकरच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे एवढी ताकद लागतच नाही. शिवाय व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा भरदार, किंचित फाटलेला आवाज तो बराच वर नेल्यावरच येतो. छोटा अ‍ॅम्प तसा वर नेता येतो. शंभर वॉटचा नेलात, तर शेजारी दार ठोठावतील!

एरिक क्लॅप्टनच्या बँडने १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत 'लैला' अल्बम केला, तेव्हा गिटारसाठी फेंडर चॅम्प हे छोटे अ‍ॅम्प वापरले होते. ताकद जेमतेम ५ वॉट, स्पीकर ८ इंची!

२) स्पीकर म्हणजे चाळणी
गिटारचा स्पीकर साधारण ५-६ हजार हर्ट्झच्या वरचे तीक्ष्ण स्वर गाळून टाकतो. म्हणूनच डिस्टॉर्शन लावलेली गिटार घरच्या म्युझिक सिस्टिमला जोडली की माशी घोंघावल्यासारखी वाटते. ८ इंची स्पीकरचा आवाज आटोपशीर असतो, तर १२ इंचीत खालचे स्वर भरून येतात. बँडमध्ये दोन गिटार असतील तर दोघींना वेगवेगळे स्पीकर द्या, आवाज एकमेकांत मिसळून जात नाहीत. बेस गिटार मात्र गिटारच्या अ‍ॅम्पवर जोरात वाजवू नका, स्पीकर फाटू शकतो. ती डीआय बॉक्समधून थेट रेकॉर्ड करा.

३) जोडणी आणि माईक
अ‍ॅम्पवर ८ ओहम लिहिलं असेल तर स्पीकरही ८ ओहमचाच लावा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीच चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. शुअर एसएम५७ हा १९६५ पासूनचा माईक या कामाला आजही चालतो. तो स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज टोकदार येतो, कडेकडे सरकवला की मऊ होतो.

४) कान सांभाळा
८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तासांपर्यंत चालतो, असं अमेरिकेतील नायॉश ही संस्था सांगते. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! छोट्या खोलीत सराव करणाऱ्या मुलांसाठी हा मुद्दा किमतीपेक्षाही महत्त्वाचा आहे.

करून पाहा: दोन अ‍ॅम्प भाड्याने किंवा उसने आणा. एकच ओळ दोन्हींवर रेकॉर्ड करा. ऐकवताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. मुलांना डोळे मिटून निवडू द्या. मग काय घ्यायचं ते त्यांचे कानच सांगतील.