समुद्राची धग आणि आपल्या रानातली थंडी



अरबी समुद्राच्या पाण्याचे तापमान उपग्रह आकाशातून मोजतो. तुम्ही म्हणाल, सिल्लोडच्या शेतकऱ्याला समुद्राशी काय करायचंय? पण त्यामागचा नियम आपल्या रानालाही लागू आहे.

चूल विझली तरी जवळ हात नेला की धग लागते. तशीच धग प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी बाहेर टाकत असते. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला आपला इन्सॅट-३डीएस उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून समुद्राची ही धग टिपतो. त्यावरून गरम व गार पाण्याचा नकाशा तयार होतो.

हिवाळ्यात जमिनीवरचे कोरडे, गार वारे उत्तर अरबी समुद्रावर जातात. वरचं पाणी गार होऊन जड होतं व खाली बसतं. खालचं कसदार पाणी वर येतं. समुद्राची ही नांगरटच म्हणा ना! त्यावर बारीक वनस्पती वाढतात. गरम आणि गार पाणी जिथे भिडतं, त्या सीमेवर हा चारा गोळा होतो व मासे तिकडे येतात. उपग्रहांच्या अशा नकाशांवरून आणि पाण्याच्या रंगावरून हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र कोकणातल्या मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा कळवते. त्यामुळे शोधाशोधीचं डिझेल वाचतं.

मात्र मध्ये ढग आले की खालचं पाणी दिसत नाही. ढग ती धग अडवतात.

आता रानाकडे या. रात्री आपली जमीनही धग आकाशाकडे टाकते. ढग असले तर ते गोधडीचं काम करतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पहाटे कडाका ठरलेला. म्हणून,

१. थंडीच्या लाटेचा इशारा असेल आणि संध्याकाळी आभाळ मोकळं व वारा शांत दिसला, तर भाजीपाल्याला हलकं पाणी द्यावं. ओली जमीन ऊब जास्त धरते.

२. मिरची-टोमॅटोची रोपं रात्री गोणपाटाने झाकावीत. सकाळी ऊन आल्यावर झाकण काढावं.

३. आभाळ भरलेलं असेल तर केवळ थंडीसाठी पाणी देऊ नये. विहिरीतलं पाणी राखावं. अशा दिवसांत हरभऱ्यावर घाटेअळी मात्र पाहावी.

४. गार हवा जड असते, ती सखल भागात साचते. तिथलं पीक आधी सांभाळावं.

उपग्रहाच्या नकाशात आपलं दोन एकराचं रान वेगळं दिसत नाही. तेव्हा अंदाज रेडिओवर ऐका, पण झोपण्यापूर्वी एकदा अंगणात येऊन आभाळ जरूर पाहा.